उजव्या खांद्यावरची हळद

फोडलेल्या कांद्याचा वास मला सहन होत नाही. कांदाभजी चालतात.

*

हळदीच्या गोडाऊनमध्ये पांढरे कपडे घालून जाऊ नये. पहिल्या दिवशी हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

*

नाट्यकार्यशाळा. मागच्या रांगेतला एक मुलगा हात वर करतो. "मॅडम, खरं सांगा. कॉलेजात असताना तुम्ही कधी काही घेतलंय का?"

"आजही घेते," मी म्हणते. "रोज. सकाळ-संध्याकाळ."

हशा. कुणीतरी शिट्टी मारतं.

*

व्यसनमुक्ती सप्ताह, कॉलेजचं पटांगण. शपथेसाठी सगळ्यांचे उजवे हात पुढे. एक हात खाली, माझा.

"काय मगदूम, हात दुखतोय का?" प्राचार्य माइकवरून विचारतात.

"नाही सर. हात चांगला आहे."

*

आई माझ्या नाटकाला येत नसे.

*

"पुन्हा," कौस्तुभ म्हणाला.

मी पुन्हा पडले.

सांगलीच्या मार्केट यार्डामागे त्याच्या काकांचं हळदीचं गोडाऊन होतं. हंगाम संपला की ते रिकामं व्हायचं आणि कौस्तुभ शेटे त्याचं थिएटर करायचा. पोती गेली तरी हळद जात नसे. फरशीवर, भिंतींवर, छतावरून लोंबणाऱ्या दोरांवर तिचा थर बसलेला असायचा. बोललं की जिभेला कडू लागायचं. आम्ही सगळे त्या दिवसांत हळद लागलेल्या नवरा-नवरीसारखे पिवळे फिरायचो.

"पुन्हा."

एकांकिका त्यानेच लिहिली होती. होस्टेलवर राहणारी एक मुलगी, तिला नशेची लागलेली चटक, आणि शेवटी भर चौकात तिचं कोसळणं. ती मुलगी मी होते. तोवर तीन वर्षं मी प्रॉम्प्टिंग केलं होतं, गर्दीत उभी राहिले होते, एकदा तर नुसतं दार उघडलं होतं. ही पहिली मुख्य भूमिका, आणि बहुतेक शेवटची. परीक्षा झाली की स्थळं बघायला सुरुवात करायची हे घरात ठरलेलं होतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दहा दिवसांवर आली होती.

"थांब थांब." कौस्तुभ फरशीवर उकिडवा बसला. "मंजे, तू पडत नाहीस. तू आडवी होतेस. पाय सांभाळून, ओढणी सांभाळून. बस थांबली म्हणून उतरल्यासारखं."

"लागेल ना तिला," ऊर्मी म्हणाली. ऊर्मिला चौगुले, माझी मैत्रीण. नाटकात माझी रूममेट व्हायची.

"लागू दे की! ती मुलगी मरायला टेकलीय, तिला कोपर आठवतंय होय? दिग्या, दाखव तिला."

दिग्याच्या घरी लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता. कॅमेरा तिथलाच. त्याने छोट्या पडद्यावर मला माझं पडणं दाखवलं. कौस्तुभचं बरोबर होतं. इतकं वाईट पडणं मी कुठे पाहिलं नव्हतं. शिवाय दिग्याने सवयीने माझ्या चेहऱ्यावर झूम करून कॅमेरा हळूच वर नेला होता, अक्षता पडायच्या वेळी नेतात तसा.

"काय कमी आहे सांगू?" कौस्तुभ म्हणाला. "अनुभव."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. आत गोळ्या होत्या. दोन, फिक्या निळ्या, एकीची कड झिजलेली.

"गोव्याहून आणल्यात. मित्राने दिल्यात. एकदम साफ माल आहे."

"तुला काय माहीत साफ आहे ते?" मी विचारलं.

"त्याने घेतली. जिवंत आहे."

दिग्या हसला. ऊर्मी हसली नाही, पण पुढे सरकली.

"हे बघ, मी व्यसन कर म्हणत नाही," कौस्तुभ म्हणाला. "मीही काही गर्दुल्ला नाही. एकदा. फक्त एकदा. कामासाठी. डॉक्टर कसे प्रेत फाडून शिकतात? आपलं शरीर हेच आपलं पुस्तक. आत काय होतं हे कळल्याशिवाय बाहेर काय दाखवणार?"

"नाही," मी म्हटलं.

"का?"

"नाही म्हणून."

"हे कारण झालं का?"

"तुला कारण पाहिजे असेल तर ती तुझी अडचण आहे."

"अगं काकूबाई," दिग्या म्हणाला, "आम्ही सकाळी शपथ घेतलीय, तरी तयार आहोत. तू तर शपथसुद्धा घेतली नाहीस. आम्हाला निदान मोडावी लागणार. तुला तर मोडायलाही काही नाही!"

सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले. विनोद चांगला होता.

"घाबरतेस?" कौस्तुभने विचारलं. आवाज मऊ केला होता त्याने. हा आवाज तो सेकंड इयरच्या मुलींसाठी ठेवायचा.

"नाही."

"घरच्यांना?"

"नाही."

"मग संस्कार?"

"कौस्तुभ, तू मला मटण खा म्हणालास आणि मला भूक नसली, तरी तू संस्कार विचारशील काय?"

"हा शेवटचा सीन तुझ्याने होत नाही, मंजिरी," तो म्हणाला. पूर्ण नाव घेतलं म्हणजे आता दिग्दर्शक बोलत होता. "घ्यायची नसेल तर भूमिका सोड. ऊर्मीला संवाद पाठ आहेत."

ऊर्मीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत माफी होती आणि आनंदही होता. मला दोन्हीचा राग आला नाही. त्या भूमिकेसाठी मीसुद्धा कुणाकडे तरी तसंच पाहिलं असतं.

"दे," ती म्हणाली.

एक गोळी त्यांनी मोडली. अर्धी ऊर्मीने घेतली, अर्धी कौस्तुभने. दिग्दर्शकाने नटाबरोबर चालायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं. दिग्याला कॅमेरा धरायचा होता. माझ्याकडे पुन्हा प्रॉम्प्टिंग आलं.

मी संहिता उघडून बसले आणि पाहत राहिले.

*

संध्याकाळी आई मोरीत कपडे भिजवत होती. माझा कुर्ता तिने हातात घेतला आणि तशीच थांबली.

"पडलीस?"

"तालमीत."

"मंजू, खरं सांग. पडलीस?"

"अगं तालमीत पडायचंच असतं. नाटकात आहे."

तिने कुर्ता उजेडात धरला. उजव्या खांद्यावर, उजव्या कोपरावर हळदीचे पट्टे होते. डावी बाजू कोरी. तिने सोडलेला श्वास मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

"उजव्या अंगाला आहे," ती म्हणाली. "मग नाही."

तिने साबण लावला. हळदीवर साबण लागला की ती लाल होते. आई तो लाल डाग घासत राहिली आणि मी दारात उभी राहून विचार करत राहिले, की माझी बाजू कुठली हे तिला माहीत आहे, मला नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दिग्याने शूटिंग दाखवलं. पोत्यावर कॅमेरा, भोवती आम्ही चौघं.

"मी कसली रडले ना?" ऊर्मी म्हणाली. "मला आठवतंय, माझा गळा दाटून आला होता. सगळं थिएटर माझ्याकडे बघतंय असं वाटत होतं. आयुष्यात इतकं भारी काम मी केलेलं नाही."

"नाद खुळा काम," कौस्तुभ म्हणाला. "मी स्वतः बघितलं."

पडद्यावर ऊर्मी एका दोराजवळ उभी होती. ती त्यावरून हात फिरवत होती. बराच वेळ. दिग्याने पुढे पळवलं. ऊर्मी अजून दोरावरून हात फिरवत होती. मग तिने एक संवाद म्हटला, तो माझा नव्हता, तिच्या आधीच्या भूमिकेतला होता. मग ती खाली बसली. पडली नाही, बसली; ओढणी गुडघ्यांवर नीट पसरली आणि दात एकमेकांवर घासत हसत राहिली. मागून कौस्तुभचा आवाज येत होता: "अप्रतिम! अप्रतिम! रडवलंस गं!" कॅमेऱ्याने त्याच्यावर झूम केलं. तो एका खांबाला सांगत होता.

दिग्या पोट धरून हसत होता. "खांबाला लका! खांबाला!"

ऊर्मी हसत नव्हती. तिने जबडा चोळला. "रात्रभर झोप नाही लागली मला," ती हळूच मला म्हणाली. "छातीत नुसतं धडधड. वाटलं आईला उठवावं. पण सांगणार काय?"

"डोस कमी पडला," कौस्तुभ म्हणाला.

"काय?"

"अर्धीने काय होतंय? अर्धवट घेतलं की अर्धवट काम होतं. आज पूर्ण." त्याने कागद उलगडला. उरलेली एक गोळी त्यात होती. "ऊर्मी, शेवटचा सीन. आज पडणं मिळणार बघ तुला."

ऊर्मीने हात पुढे केला. मला त्या हाताचा राग आला. तिचा नाही, हाताचा. शपथेला पुढे झाला, गोळीलाही पुढे झाला. जो कोणी मोठ्या आवाजात मागेल त्याच्यापुढे.

"तिला देऊ नकोस," मी म्हटलं.

"तू प्रॉम्प्टर आहेस. संवाद विसरली तर सांग."

"पडल्याने पडणं कळत नाही, कौस्तुभ."

"तुला काय माहीत?"

"मला आकडी येते."

घरात हा शब्द बोलला जात नसे. घरात आम्ही 'तसलं' म्हणायचो. तसलं झालं का, तसलं होऊन किती महिने झाले. बाहेर तर तेही नाही. शब्द माझ्याच तोंडून निघाला आणि गोडाऊनमध्ये घुमला.

"फिट गं?" ऊर्मीने विचारलं.

"फिट. लहानपणापासून. मिरजेच्या डॉक्टरांची गोळी चालू आहे, सकाळ-संध्याकाळ. ती घेते म्हणून वर्ष-वर्ष काही होत नाही. शपथेत काय होतं? कुठल्याही गोळीवर विसंबून राहणार नाही. मी आहे विसंबून. जन्मभर राहणार. म्हणून हात पुढे केला नाही. तुमच्यासारखी खोटी शपथ घ्यायला मला जमत नाही."

ऊर्मी एक पाऊल मागे सरकली. मग लाजून पुन्हा पुढे आली. "म्हणजे आत्ता... येईल?"

दिग्याने चप्पल काढून हातात घेतली होती. "हुंगायला द्यायची असते ना?"

"पायात घाल, दिग्या."

"नाही म्हणजे, वेळ आली तर..."

"वेळ आली तर मला कुशीवर वळव आणि तोंडाजवळ काही आणू नकोस. तुझी चप्पल तर अजिबात नको."

त्याने चप्पल घातली.

कौस्तुभ मात्र माझ्याकडे असा पाहत होता, की जणू मी त्याला इतके दिवस काहीतरी दडवून फसवलं होतं आणि आता बक्षीस दिलं होतं.

"म्हणजे तुला अनुभव आहे," तो म्हणाला. "आणि तू हे आडवं होणं दाखवत होतीस? सांग ना. कसं वाटतं? आतून?"

"वाटत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तिथं नसते. मी ताट वाढून घेत असते आणि एकदम अंथरुणावर असते. मधलं नाहीच. अंधारसुद्धा नाही. तू म्हणतोस ना, आत काय होतं ते बघायचंय? मी जाऊन आले आहे. आत कुणी नाही."

एवढं सांगितल्यावर पुरे झालं असं मला वाटलं होतं.

"एक विचारू?" कौस्तुभ म्हणाला. डोळे चमकत होते त्याचे. "ती तुझी गोळी... एक-दोन दिवस नाही घेतलीस तर? इथंच, आम्ही सगळे आहोत. दिग्या शूट करेल. तू स्वतःला बघशील. नंतर तेच उभं करायचं. विचार कर मंजे, असं मटेरियल कुठल्या नटाकडे आहे?"

दिग्या म्हणाला, "ए लका. काय बोलाय लागलायस?"

खरं सांगायचं तर त्यातलं एक वाक्य मला लागलं होतं. तू स्वतःला बघशील.

मी त्याच्या हातातला कागद घेतला. निळी गोळी फरशीवर टाकली आणि टाचेखाली चिरडली. हळदीत निळं मिसळलं की हिरवट दिसतं.

"ए! एकच उरली होती!"

"माझं डोकं तुझ्या तालमीचं सामान नाही," मी म्हटलं. "ऊर्मीचंही नाही. भूमिका माझी आहे. उद्या येते आणि पडून दाखवते. नाही जमलं तर भूमिका ऊर्मीची, पण ती शुद्धीत करेल. आणि परत असला कागद इथं दिसला, तर हे कुणाला सांगायचं ते मला माहीत आहे. तुझे काका रोज आमच्या गल्लीतून जातात."

"धमकी देतेस?"

"हो."

*

आई कणीक मळत होती.

"आई, मी कशी पडते ते दाखव."

"काय?"

"तू बघितलंयस. मी नाही."

"डोकं फिरलंय तुझं. असलं कुणी दाखवतं?"

"मला नाटकात लागतंय."

"नाटकात!" तिचा आवाज चढला. "जगापासून झाकत आले मी ते, आणि तू नाटकात दाखवणार? उद्या कुणाला कळलं म्हणजे?"

"कळलं. आज सगळ्यांना सांगितलं."

तिने हात कणकेतून काढले नाहीत. "स्थळांचं काय?"

"स्थळं बघतील त्यांचं ते."

ती कणीक दाबत राहिली. मला वाटलं, आता रडेल किंवा लाटणं फेकेल. तिने हात धुतले. दाराला कडी लावली. पदर कमरेला खोचला.

"आधी तू वर बघतेस," ती म्हणाली. "अशी. माळ्याकडे. कुणीतरी हाक मारल्यासारखी. मी दर वेळी फसते. मला वाटतं, नुसतीच बघतेय."

आईने वर पाहिलं. त्या चेहऱ्यावर माझा चेहरा आला.

"मग ओरडतेस एकदा. ते मी करत नाही, शेजारी येतील. मग डावा हात असा. अंगठा मुठीच्या आत. मान डावीकडे. आणि मग..."

ती डाव्या अंगावर कोसळली. सांभाळून नाही. खांदा फरशीवर आपटल्याचा आवाज झाला. "आई!" मी पुढे झाले.

"थांब, बघ," ती खालून म्हणाली. "बघायचंय ना? बघ."

तिचं अंग ताठ झालं, मग झटके. हातातल्या काचेच्या बांगड्या फरशीवर वाजत होत्या, एकसारख्या. एक फुटली. ती थांबली नाही. मी ओट्याला टेकून उभी होते आणि माझ्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं. टोपलीतला कांदा माझ्या हातात कधी आला, मला समजलं नाही.

आई उठून बसली. मनगटावर बांगडीचा ओरखडा उठला होता. तिने माझ्या हातातला कांदा पाहिला.

"डॉक्टर म्हणाले, त्याचा काही उपयोग नसतो," ती म्हणाली. "मलाही माहीत आहे. पण हाताला काहीतरी लागतं गं."

*

दुसऱ्या दिवशी गोडाऊनमध्ये मी माझी सकाळची गोळी सगळ्यांसमोर घेतली, दिग्याच्या बाटलीतल्या पाण्याने. मग पडले. वर पाहिलं, कुणीतरी हाक मारल्यासारखं, अंगठा मुठीत, डाव्या बाजूला.

कुणी "पुन्हा" म्हणालं नाही.

ऊर्मी रडायला लागली, तेव्हा मी डोळे उघडले आणि म्हटलं, "अगं, नाटक आहे."

कौस्तुभ दोराजवळ उभा होता. "हे कुठून आणलंस?" त्याने विचारलं.

"घरून."

स्पर्धेला मी आईला ये म्हटलं होतं. ती "बघू" म्हणाली होती, म्हणजे नाही. पडदा पडल्यावर मी मेकअपरूमकडे निघाले, तर विंगेच्या दाराशी ती उभी. नवी साडी, हातात पर्स, पर्स छातीशी घट्ट. सभागृहात बसायला गेलीच नव्हती. माझ्या डाव्या खांद्यावर तिने हात ठेवला आणि दाबून पाहिलं, कुठे दुखतंय का ते.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. तिच्या पर्समधून कांद्याचा वास येत होता.

मी पहिल्यांदा पडले ती बालवाडीच्या स्नेहसंमेलनात, स्टेजवर, फुलपाखराचे पंख लावलेले असताना, आणि नाचातलंच काहीतरी आहे असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.